९९९९ सालापर्यंतचं कुलूप

१

सकाळी साडेनऊला ती विद्यापीठाच्या ग्रंथालयात, तळमजल्यावरच्या खोलीत शिरायची, पर्स खुंटीला अडकवायची आणि खुर्चीत टेकायच्या आधीच संगणक सुरू करायची. चहा नंतर. आधी भांडार.

भांडार म्हणजे कपाटं नव्हेत. विद्यापीठात झालेलं संशोधन जिथे कुणालाही, कुठूनही वाचता येतं, ते खुलं डिजिटल भांडार. बेडकांच्या अंड्यांवरच्या प्रबंधाला खेटून धरणाच्या गळतीवरचा प्रबंध, त्याच्या खाली अंगाईगीतांतल्या ठेक्याचा अभ्यास, मग गंजलेल्या पुलांची कंपनं, मग तोतऱ्या मुलांचे उच्चार. कुणीतरी चार वर्षं उन्हात बसून मुंग्यांच्या वाटा मोजल्या होत्या. असलं काही दिसलं की तिला उगाच भरून यायचं. माणसाची जात अगदीच वाया गेलेली नाही, असं वाटायचं.

तिचं काम सोपं होतं. आलेल्या प्रत्येक नोंदीत चार गोष्टी पाहायच्या: मुखपृष्ठ, मार्गदर्शकाची सही, सारांश आणि कुलपाची तारीख. काही संशोधक आपलं काम दोन-तीन वर्षं बंद ठेवायला सांगतात, ती तारीख. चार गोष्टी जुळल्या की मंजूर. वाचत बसायचं नाही. वाचत बसलं तर हजारो नोंदी उघडणार कधी?

आणि उघडण्याची तिला भारी घाई. घरी बाबा तिला ‘वादळ’ म्हणायचे ते उगाच नाही. गेल्या महिन्यात समितीच्या बैठकीत तिने टेबल बडवून सांगितलं होतं, ‘‘ज्ञानाला कायमचं कुलूप म्हणजे चोरी आहे, चोरी!’’ विषय होता ‘इतर’ नावाच्या संग्रहातल्या नऊ नोंदींचा. त्यांच्या कुलपाची तारीख होती ३१ डिसेंबर ९९९९. संगणक तारखेशिवाय पुढे सरकत नाही, म्हणून ज्याला कधीच उघडायचं नसतं तो चार वेळा नऊ दाबून मोकळा होतो. तिच्या मते तो निव्वळ आळस होता.

ग्रंथपाल मॅडम म्हणाल्या होत्या, ‘‘अगं, सोबत विनंतीपत्र जोडलंय म्हणे. वाचलंस का?’’

‘‘मॅडम, संशोधकाचा रकानाच कोरा आहे. निनावी माणसाची कसली विनंती?’’

समितीला जेवायची वेळ झाली होती. ठराव पास झाला. रोज सकाळी अकराला एक, अशा नऊ दिवसांत नऊ नोंदी आपोआप उघडतील, अशी तिने व्यवस्था लावली.

सोमवारी पहिली उघडली. कोपऱ्यातलं कुलपाचं लाल चित्र हिरवं झालं. तिने चहा मागवला.

२

त्या संध्याकाळी ती ओट्याशी भांडी विसळत होती आणि मागून कुणीतरी म्हणालं, ‘‘वादळ, दूध आणलंस का?’’

हातातला पेला सुटून मोरीत गडगडला. बाबा दोन हातांच्या अंतरावर उभे होते.

‘‘केवढं दचकवलंत! कधी आलात वर?’’

‘‘आत्ताच. जिन्याने. तुझा बाप आयुष्यभर दुसऱ्यांच्या लिफ्टा दुरुस्त करत राहिला, स्वतःच्या घराला मात्र जिना.’’ हा विनोद त्यांनी हजार वेळा केला असेल.

पण जिना वाजला नव्हता. त्यांच्या घरचा लाकडी जिना चौदा पायऱ्यांचा, आणि त्यावरून मांजर गेलं तरी शेजाऱ्यांना कळायचं. रबरी चपला असतील, असं म्हणून तिने खाली पाहिलं. बाबा अनवाणी होते. तिने नळ बंद केला.

‘‘जरा त्या खिडकीपर्यंत जाऊन या.’’

‘‘परेड काढतेस काय?’’ पण गेले, आणि आले. फरशीवर टाच टेकताना दिसत होती. आवाज नव्हता. उजवा गुडघा गेली दहा वर्षं कट्कन वाजायचा, तोही गप्प.

माझे कान भरलेत, तिने ठरवलं. दुसऱ्या दिवशी कानाच्या डॉक्टरांकडे जाऊनही आली. कान उत्तम होते.

मंगळवारी रात्रीच्या जेवणाआधी उशांचे अभ्रे बदलताना तिने सवयीने बाबांचा अभ्रा नाकाशी नेला. यंत्रातलं तेल आणि कापूर यांचा तो जुना वास लहानपणापासूनचा. अभ्र्याला कसलाच वास नव्हता. न धुतलेला अभ्रा, पण दुकानातल्या कोऱ्या कापडालाही असतो तेवढा वाससुद्धा नाही. सर्दी झाली असेल. सर्दी नव्हती.

बुधवारी ती कामावरून आली तेव्हा बाबा पलंगावर पेपर वाचत बसले होते. ती बोलायला शेजारी टेकली आणि तिच्या बाजूला गादी दबली. त्यांच्या बाजूला गादी सपाट होती. पोहणारा माणूस पाण्यावर असावा तसे ते गादीवर होते.

‘‘वजन उतरलंय वाटतं,’’ बाबा तिची नजर ओळखून म्हणाले. ‘‘डॉक्टर खूश होईल.’’

ती हसली. मग आत जाऊन तोंडावर टॉवेल दाबून उभी राहिली.

३

गुरुवारी सकाळी एका परक्या देशातल्या संशोधकाचं पत्र आलं होतं. ‘इतर’ संग्रहातल्या पहिल्या नोंदीसोबतची आवाजाची फाइल त्यांच्याकडे वाजत नव्हती. कृपया तपासावी.

तिने ती नोंद पहिल्यांदाच आतून उघडली. विषय: ध्वनिशास्त्र. शीर्षक: ‘चौदा पायऱ्यांच्या लाकडी जिन्यावरील पावलांच्या आवाजाची मोजणी’. नमुनासंख्या: एक. पुरुष, लिफ्ट-दुरुस्ती कारागीर, निवृत्त.

चौदा पायऱ्यांचे जिने गावात ढीगभर असतील. निवृत्त कारागीरही असतील. तिने कानाला हेडफोन लावले.

थप. थप. तिसऱ्या पायरीवर कट्कन गुडघा. सहाव्या पायरीवर लाकडाची ती लांबट कुरकुर, जिच्यावर खिळे मारायचे म्हणून बाबा कितीतरी वर्षं म्हणत होते. वळणावर खोकला. मग अगदी कानाशी, ‘‘वादळ, दार लावलंस का?’’

तिने हेडफोन ओरबाडून काढले. खोलीत पंखा फिरत होता. समोरच्या टेबलावर भांडाराचे संगणक सांभाळणारा सिस्टिमवाला डबा उघडून बसला होता.

‘‘काय गं? भूत पाहिलंस?’’

ती उत्तर द्यायला थांबली नाही. दुसरी नोंद, रसायनशास्त्र: ‘उशीच्या सुती अभ्र्यातील गंधद्रव्ये’. तिसरी, पदार्थविज्ञान: ‘एका शरीराच्या भाराने गादीस पडलेला खड्डा’. तोच निवृत्त कारागीर, नमुनासंख्या एक. आलेख होते, तक्ते होते, सगळं नेटकं, मार्गदर्शकाने शाबासकी द्यावी असं. चौथीचा विषय दूरसंचार, शीर्षक ‘तारेवरून ऐकू येणारा एक आवाज’. तिचं कुलूप अजून लाल होतं. भिंतीवरच्या घड्याळात अकराला दोन मिनिटं होती.

तिने घरी फोन लावला. बाबांनी लगेच उचलला.

‘‘बोला वादळसाहेब, आज ऑफिसातून आठवण कशी झाली?’’

‘‘बाबा, काही नाही. नुसतं बोलत राहा. काहीही बोला.’’

‘‘काहीही म्हणजे? बरं, ऐक. सकाळी दूधवाला सांगत होता, त्याच्या मेव्हण्याने म्हणे म्हैस विकून...’’

लाल चित्र हिरवं झालं.

फोन कट झाला नव्हता. पलीकडे स्वयंपाकघरातला नळ ठिबकत होता, खिडकीबाहेर रिक्षा गेली, सगळं ऐकू येत होतं. फक्त बाबा ऐकू येत नव्हते. ती ‘‘बाबा, बाबा’’ करत राहिली. धावत घरी गेली तर ते रिसीव्हर हातात धरून उभे होते आणि तिला पाहून वैतागून म्हणाले, ‘‘पाऊण तास बोलतोय मी! घसा सुकला. तू काही हो-नाही म्हणशील की नाही?’’

४

ती तशीच परत ऑफिसात गेली. सिस्टिमवाल्याच्या खुर्चीमागे उभी राहून म्हणाली, ‘‘उरलेल्या पाच थांबव. उघडलेल्या चार काढून टाक. आत्ता.’’

‘‘कारण काय टाकू?’’

‘‘माझी चूक झाली, हे टाक.’’

तो तिच्याकडे वळून बघतच राहिला. तिच्या तोंडून हे वाक्य त्याने पूर्वी ऐकलं नसावं. मग त्याने खरंच प्रयत्न केला बिचाऱ्याने. पण भांडारातली नोंद काढली तरी तिथे एक पाटी उरते: ‘या ठिकाणी एक नोंद होती.’ आणि उघडलेली नोंद जगातली इतर भांडारं तासाभरात आपल्याकडे उतरवून घेतात.

‘‘एकेचाळीस ठिकाणी प्रती गेल्यात,’’ तो म्हणाला. ‘‘तूच नाही का पोस्टर लावलंस दारावर? ‘एकदा खुलं, कायम खुलं.’’’

‘‘मग पुढच्या पाच तरी थांबव!’’

‘‘वेळापत्रक सगळ्या भांडारांच्या केंद्राकडे गेलंय. माझ्या हातात नाही. तिथून परत बोलवायला संशोधकाची लेखी विनंती लागते.’’

ती मॅडमच्या केबिनमध्ये घुसली. मॅडमनी चष्मा काढून सगळं ऐकलं, हेडफोन लावून फाइलही ऐकली.

‘‘जिन्यावर कुणीतरी चाललंय. छान स्वच्छ रेकॉर्डिंग आहे.’’

‘‘ते माझे बाबा आहेत, मॅडम.’’

‘‘तुला आठवडाभर रजा देते. तू दमली आहेस, बाळा.’’

‘‘मला रजा नकोय! मला कुलूप हवंय!’’

केबिनच्या काचेबाहेर वाचकांनी माना वर केल्या. महिन्यापूर्वी याच काचेतून तिने बडवलेलं टेबल ऐकू गेलं होतं.

टेबलाशी येऊन तिने स्वतःच अर्ज भरला. संशोधक म्हणून स्वतःचं नाव घातलं. आयुष्यातलं पहिलं खोटं कागदपत्र. दहा मिनिटांत केंद्राचं उत्तर आलं: ‘या संशोधकाची विनंती यापूर्वीच नोंदलेली आहे. आपल्या कार्यालयाने ती फेटाळली आहे.’ खाली ते जोडपत्र होतं, जे तिने बैठकीच्या आधी उघडलं नव्हतं.

पत्रात सही नव्हती, तारीख नव्हती. दोनच ओळी होत्या.

‘कृपया उघडू नये. एवढंच राखून ठेवायला जमलं.’

५

शुक्रवारी हस्ताक्षर गेलं. बाबा वाण्याची यादी लिहीत होते. पेन चालत होतं, शाई उतरत होती, आणि कागद कोरा राहत होता. त्यांनी तीन पेनं बदलली, मग पेन बाजूला ठेवलं आणि पहिल्यांदाच तिला सरळ विचारलं, ‘‘काय चाललंय गं?’’

तिने सगळं सांगितलं. सांगताना तिला स्वतःचाच राग येत होता. असलं काही तिने दुसऱ्याकडून ऐकलं असतं तर ती हसली असती. बाबा हसले नाहीत.

‘‘म्हणजे ते मोजतात आणि मोजलेलं घेऊन जातात?’’

‘‘नाही. बंद होतं तोवर इथे होतं. मी उघडलं.’’

त्यांनी आपले तळवे उलटून पाहिले. ‘‘आज सकाळी तोंड धुतलं, तर पाणी ओंजळीत थांबेना,’’ ते म्हणाले. ‘‘तुला सांगितलं नाही. तू उगाच डॉक्टरांच्या मागे लागली असतीस.’’ मग म्हणाले, ‘‘चौथ्या मजल्यावरून लिफ्टच्या खड्ड्यात पडलो होतो, तेव्हा उठून घरी चालत आलो होतो. आठवतं? सगळे म्हणाले, चमत्कार. मी कधी कुणाला बोललो नाही, पण पडताना मला वाटलं होतं, कुणीतरी घाईघाईने माझं काही लिहून घेतंय.’’

‘‘बाबा, नका ना.’’

‘‘बरं, नाही बोलत. पण एक कळत नाही. एवढा अभ्यास करण्यासारखं माझ्यात काय आहे गं? आयुष्यभर ग्रीस पुसलं मी.’’

तिला रडू फुटलं. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. तिला तो नुसता दिसला, जाणवला नाही.

शनिवारी फोटो. तिने अल्बम आधीच काढून छातीशी धरला होता. अकरानंतर उघडला तेव्हा आईच्या लग्नाच्या फोटोत आई एकटीच हार घालून उभी होती, आणि एकटीच लाजत होती.

रविवारी ताईचा फोन आला. ताई लांब राहायची, दर रविवारी बाबांशी भांडण केल्याशिवाय तिला जेवण जात नसे. अकरा वाजून गेले होते.

‘‘कशी आहेस गं?’’ ताई म्हणाली. ‘‘किती दिवस सांगतेय, इकडे ये माझ्याकडे. आई गेल्यापासून त्या एवढ्या घरात एकटी राहतेस, मला काळजी वाटते.’’

‘‘ताई. बाबा.’’

‘‘काय?’’

‘‘बाबा आहेत ना माझ्याबरोबर.’’

मग ताई अगदी हळू, लहान मुलाशी बोलावं तशी म्हणाली, ‘‘मी उद्याच निघते. दोन दिवस लागतील. तोवर तू कुठे जाऊ नकोस हं.’’

बाबा समोरच बसून ऐकत होते. त्यांनी मान वळवून खिडकीबाहेर पाहिलं.

६

सोमवारी वाचेची पाळी. ते अकरापर्यंत बोलत राहिले. काय काय सांगितलं त्यांनी: गॅसची नळी बदल, ताईशी भांडू नकोस, पलंगाखालची माझी निळी पेटी उघडू नको म्हणणारा मीच होतो पण आता उघड, आत नुसते पाने आणि पक्कड आहेत. ‘‘आणि तू चुकीचं काही केलं नाहीस,’’ ते म्हणाले. ‘‘लोकांना वाचायला मिळावं म्हणून केलंस. मला अभिमानच आहे, वादळ, तुझा मला...’’

ओठ हलत राहिले. तिने त्यांच्या ओठांवर डोळे रोवले, पण तिला ओठ वाचता येत नव्हते.

उरली नववी. तिचं शीर्षक कुलपाबाहेरूनही दिसत होतं. विषय: मानसशास्त्र. ‘घरातील एकमेव साक्षीदार: एक निरीक्षण’. नमुनासंख्या: एक. स्त्री, वय सव्वीस, व्यवसाय: भांडार साहाय्यक.

दुपारभर तिने वह्या भरल्या. बाबांची उंची, कपाळावरचा व्रण, चहात दोन चमचे साखर, शिट्टी वाजवताना डावीकडे जाणारा ओठ. नवी नोंद तयार केली, कुलपाच्या रकान्यात चार नऊ टाकले, आणि ‘अभ्यासविषय’ या रकान्यापाशी आली. तिने ‘माझे बाबा’ लिहिलं. संगणकाने लाल अक्षरांत कळवलं: ‘असा विषय अस्तित्वात नाही.’ तिने परत लिहिलं. ती अंधार पडेपर्यंत लिहीत राहिली.

७

मंगळवारी सकाळी साडेदहाला ती आणि बाबा जेवणाच्या टेबलाशी समोरासमोर बसले. तिने फोन बंद केला, संगणकाची वायर काढली, त्याने काही होणार नव्हतं तरी. मग टेबलावरून हात पुढे करून बाबांचं मनगट धरलं.

ऊब लागत नव्हती. वजन तर नव्हतंच. पण बोटं पूर्ण मिटत नव्हती, मध्ये काहीतरी होतं. तिने तेवढ्यावर भिस्त ठेवली. पापणी लववायची नाही, असं तिने ठरवलं. ते तिच्याकडे पाहत होते. त्यांच्या डोळ्यांत भीती होती, आणि ती दिसू नये म्हणून ते भुवया उडवून दाखवत होते, ती चार वर्षांची असताना दाखवायचे तशा.

‘‘मी सोडणार नाही,’’ ती म्हणाली. ‘‘कळलं ना? मी नाही सोडणार. काय वाटेल ते होऊ दे. तुम्ही फक्त माझ्याकडे बघा. बाबा, माझ्याकडे बघा. बाबा, बा’’

घड्याळात अकरा वाजले.

ऊन टेबलाच्या कडेपर्यंत आलं होतं. नळ ठिबकत होता. वॉशर बदलायला हवा. तिला आठवलं की आज ती रजेवर आहे आणि ताई संध्याकाळी येणार आहे. ताईला उगाच काळजी. इतकी वर्षं एकटी राहतेय, आता सवय झाली आहे.

गाल ओले होते. डोळ्यांत काही गेलं असेल.

चहा टाकावा म्हणून ती उठायला गेली आणि तिच्या लक्षात आलं की तिचा उजवा हात टेबलावर लांब पसरलेला आहे. समोरच्या रिकाम्या खुर्चीच्या दिशेने. बोटं वळलेली होती, पण मूठ मिटलेली नव्हती. आत मनगटाएवढी पोकळी होती. बोटांच्या पेरांतलं रक्त उतरून ती पांढरीफटक पडली होती, आणि दंडापर्यंत कळ जात होती.

तिने बोटं सरळ करायचा प्रयत्न केला. मग थांबली.

कशासाठी ते तिला काही केल्या आठवेना. पण बोटं उघडायची हा विचारही तिला सोसेना. ती पुन्हा खुर्चीत बसली, आणि डावा हात आणून तिने उजव्या हातावर घट्ट दाबून धरला.